जुलमाखालचा माणूस लिहिताना

दर सप्टेंबरात मराठवाड्यात मुक्तिसंग्रामावरच्या कथा-एकांकिकांचं पीक येतं. बहुतेकींत रझाकार घोड्यावरून येतो, घर पेटतं, एखादी म्हातारी तळतळाट देते आणि शेवटी तिरंगा फडकतो. वाचणाऱ्याचं रक्त तापतं, पण हाती काही लागत नाही. त्या गावातला माणूस त्याआधीची दहा-पंधरा वर्षं कसा वाकत गेला, वाकायची सवय त्याच्या अंगात कशी मुरली, हे त्यात कुठंच नसतं. मारहाण कुणालाही लिहिता येते. मार बसायच्या आधी आणि बसून गेल्यावर माणूस जगण्यासाठी स्वतःच्या हातानं काय काय सोडून देतो, ते लिहायला कसब लागतं. ते कसं साधायचं, एवढ्यापुरतंच हे टिपण. उदाहरणं निजामी अमलातल्या मराठवाड्याची घेतली आहेत.

आधी उतरंड मांडा

कथेचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी एका कागदावर सत्तेची उतरंड काढा. सुभेदार, अव्वल तालुकदार, तहसीलदार, गिर्दावर (महसूल निरीक्षक), पटवारी, पाटील आणि सगळ्यांत खाली येसकर. पोलिसांकडून अमीन आणि जमादार, सरहद्दीवर करोडगिरी, म्हणजे जकात नाक्याचा शिपाई. तुमच्या नायकानं निजाम कधी पाहिलेला नसतो. त्याचा निजाम म्हणजे पटवाऱ्याची दौत आणि नाक्यावरच्या शिपायाचा हात. म्हणून हैदराबादच्या किंग कोठीचं वर्णन करत बसू नका, चावडीच्या ओट्यावर कोण कुठल्या पायरीला बसतो ते लिहा.

आता उतरंडीतल्या प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा: हा खालच्याकडून काय उकळू शकतो, आणि हा स्वतः कुणाला भितो. दुसरा रकाना ज्याच्यापुढे कोरा राहील ते पात्र कथेत लाकडी होणार. गिर्दावराला तहसीलदाराची भीती असते, म्हणून तो वसुलीचा आकडा गाठायला पटवाऱ्यावर डाफरतो आणि पटवारी ते सगळं व्याजासकट कुळावर उतरवतो. जुलूम असा पायरी-पायरीनं खाली येतो, आणि प्रत्येक पायरीवरचा माणूस म्हणतो, माझ्या हातात काय आहे?

गाव कोणत्या प्रकारचं, हेही इथंच ठरवा. राज्यातली साधारण ६० टक्के जमीन दिवाणी, म्हणजे सरळ सरकारच्या महसुलाखाली होती. सुमारे १० टक्के सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाची खाजगी मालमत्ता. उरलेली जहागीरदार आणि पायगावाल्यांकडे, म्हणजे निजामाच्या बड्या सरदार घराण्यांकडे. दिवाणी गावातल्या कुळाला निदान तहसिलीत अर्ज टाकायची सोय होती. जहागिरीच्या गावात ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच कचेरीचा उंबरा झिजवावा लागे. हा फरक कळला की पात्र कुठं बोलेल आणि कुठं गप्प बसेल ते आपोआप ठरतं.

तपशील जिथं हमखास चुकतात

१९४८ साली मराठवाड्यात पाचच जिल्हे होते: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. जालना, लातूर, हिंगोली हे जिल्हे १९८१ पासून पुढचे. १९४७ सालच्या पात्राच्या तोंडी ‘लातूर जिल्हा’ किंवा ‘धाराशिव जिल्हा’ आला की जाणता वाचक तिथंच पुस्तक मिटतो.

पैसा हाली सिक्क्यात लिहा. ब्रिटिश रुपयाला कलदार म्हणत आणि सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार असा भाव असे. ब्रिटिश मुलखातल्या बार्शी-सोलापूरच्या बाजारातून परतणाऱ्या माणसाच्या कमरेला दोन्ही असू शकतात, आणि नाक्यावर तीच त्याची अडचण होऊ शकते. सरकारी कागदावर साल फसली असतं. फसली सन ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी त्यात ५९० आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवा, म्हणजे इसवी सन निघतो. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ पासूनचं वर्ष, ज्याच्या शेवटाला पोलीस ॲक्शन, म्हणजे निजामाविरुद्धची भारतीय फौजेची कारवाई झाली. धान्य किलोत मोजू नका. पायली, शेर, मण असं लिहा आणि पायलीचा मण किती हे आपल्या भागातल्या जुन्या आडत्याला विचारा, कारण ते गावागणिक बदलतं.

हवामानही तपासा. भारतीय फौजा १३ सप्टेंबरला आत आल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. ते पावसाळ्याचे दिवस होते. शेतात खरीप उभा, वाटा चिखलाच्या, ओढे भरलेले. ‘उन्हानं तापलेल्या फुफाट्यातून रणगाडे आले’ असं वाक्य आम्ही एकापेक्षा जास्त हस्तलिखितांत खोडलं आहे.

माणूस कुठून कुठून सोलला जातो

जुलमी सत्ता माणसाला एकदम मोडत नाही, थरांनी सोलते. तुमच्या कथेत कोणता थर येणार, हे आधी ठरवा. सगळे एकाच कथेत कोंबले तर यादी होते.

पहिला थर कागदाचा. राज्यकारभाराची भाषा उर्दू, शेतकरी मराठी, तोही बहुधा निरक्षर. ज्याच्यावर अंगठा उठवला त्यात काय आहे हे त्याला दुसऱ्यानं सांगायचं, आणि तो दुसरा खरं सांगेलच असं नाही. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकाखाली आधी परवानगी काढायची. १९३८ च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठात आणि औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हटलं, तर त्यांची नावं काढून टाकली. त्यातल्या अनेकांना शिकायला नागपूर गाठावं लागलं. कागदाचा थर लिहिताना पात्र रागावलेलं दाखवू नका. ते गोंधळलेलं असतं, आणि गोंधळ दिसू नये म्हणून मान डोलावत असतं.

दुसरा थर धान्याचा. इथं थोडं थांबू, कारण मराठवाड्याच्या अनुभवाचा गाभा इथं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेली लेव्ही, म्हणजे पेऱ्यावर आकारलेली सक्तीची धान्यवसुली, बड्या जमीनदाराला चुकवता येई आणि लहान शेतकऱ्याच्या कणगीचा तळ खरवडी. समजा, ही वसुली तुम्हाला लिहायची आहे. बहुतेकांचा पहिला खर्डा असा असतो:

‘क्रूर गिर्दावर आणि त्याच्या नराधम साथीदारांनी गरीब बिचाऱ्या शेतकऱ्याचं सगळं धान्य लुटून नेलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले.’

यात चार विशेषणं आहेत आणि दिसत काहीच नाही. आता हेच असं लिहून पाहा:

‘मापाड्यानं पायली भरली आणि वर शीग चढवली. शिगेवरून दाणे घरंगळून खाली पडले. ते कुणाच्या हिशोबात नव्हते. गिर्दावर चहा पीत होता, त्याचं लक्ष नव्हतं. बाबा वाकले आणि ते दाणे वेचून पुन्हा मापातच टाकू लागले. “राहू दे की,” मापाडी म्हणाला. “नाही मालक, कमी पडाया नगं,” बाबा म्हणाले. घरी आल्यावर आईनं विचारलं, किती उरली? बाबा तिच्यावरच खेकसले, “तुला काय करायचंय?”’

इथं कुणी कुणाला हात लावलेला नाही. तरी तीन गोष्टी घडल्या. आपलेच सांडलेले दाणे बाप कुणी न सांगता सरकारच्या मापात घालतो. एरवी ज्याच्याबरोबर तो पाराखाली तंबाखू मळत बसतो त्या मापाड्याला तो ‘मालक’ म्हणतो. आणि वर बोलता न आलेलं घरी येऊन बायकोवर काढतो. शीग हा जुलमाचा भाग झाला, वेचणं हा खचण्याचा. वेचण्याचं वाक्य काढलं तर उरते ती फक्त वसुलीची बातमी. स्वतःचा प्रसंग लिहून झाला की त्यात असं ‘वेचणं’ कुठं आहे ते बोटानं दाखवता आलं पाहिजे. आलं नाही, तर प्रसंग पुन्हा लिहा.

तिसरा थर अंगाचा: वेठ, पहारा, ओझं, पायातलं काढून हातात धरणं. वेठ कागदावर बंद झालेली होती, गावात चालू होती. हा थर लिहिताना जात विसरलात तर कथा खोटी पडते. ज्या पाटलाला अमीन अरे-तुरे करतो, तोच पाटील महारवाड्यातल्या माणसाला सावलीलाही उभा करत नाही. पाटलाचा अपमान आणि त्यानं केलेला अपमान एकाच दिवसात, शक्यतो एकाच पानावर आणा. महारवाड्यातल्या पात्रासाठी १७ सप्टेंबरनंतर वाड्यापुढची वाट लगेच मोकळी झाली का, हा प्रश्न कथेला विचाराच. सत्कारसमारंभाला बोलावणं येणार नाही, पण कथा उभी राहील.

चौथा थर शेजाऱ्याचा, म्हणजे विश्वासाचा. कोण कुणाची बातमी चावडीवर पोचवतो, हे न कळणं. एवढं साधलं तरी पुरे: तिघं बोलत आहेत, चौथा येतो, आणि बोलणं पावसावर जातं.

जगातल्या कामांतून काय उचलायचं

अशा साहित्याचं वाचन ‘फार हृदयद्रावक आहे’ म्हणून सोडून देऊ नका. हातात पेन्सिल घेऊन वाचा आणि प्रत्येक पुस्तकातून एकच हत्यार उचला.

प्रीमो लेवी हा इटालियन रसायनतज्ज्ञ ऑशविट्झच्या नाझी छळछावणीतून जिवंत परतला आणि १९४७ मध्ये त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात एक प्रसंग आहे. ॲलेक्स नावाचा मुकादम त्याला घेऊन चाललेला असताना मुकादमाच्या हाताला वंगण लागतं. तो हात लेवीच्या खांद्याला पुसतो, आधी तळवा, मग पाठ. राग नाही, चेष्टाही नाही. जवळ फडकं होतं, पुसलं. छळछावणीच्या असंख्य भीषण गोष्टी ठाऊक असलेला लेखक या पुसण्याला जागा देतो, कारण समोरचा माणूस आहे हे ॲलेक्सच्या ध्यानातच येत नाही. सरावासाठी: तुमच्या कथेतल्या अधिकाऱ्याकडून असं एक कृत्य करवून घ्या ज्यात द्वेष अजिबात नाही.

रशियन लेखक सोल्झेनित्सिनची १९६२ सालची छोटी कादंबरी सोव्हिएत श्रमछावणीतला एकच दिवस सांगते, पहाटेच्या टोल्यापासून रात्रीच्या झोपेपर्यंत. नायक शुखोव्ह कडाक्याच्या थंडीतही जेवताना डोक्यावरची टोपी काढतो. दुसरा एक कैदी लोकांच्या ताटल्या चाटत फिरतो. टोपी काढणारा आणि ताटली चाटणारा शेजारी-शेजारी ठेवले की खचण्याचं माप मिळतं. नुसता खचलेला माणूस दाखवला तर वाचकाला तो पहिल्यापासून तसाच होता असं वाटतं. म्हणून प्रत्येक पात्राला एक ‘टोपी’ द्या, ज्यावर तो अडून बसेल अशी एखादी फुटकळ गोष्ट. पाटलापुढं हात जोडेल, पण नांगराला पाय लागू देणार नाही, असं काहीतरी. मग ती कधी सुटते, ते बघा.

ऑर्वेलच्या १९४९ च्या ‘१९८४’ या कादंबरीत नायक विन्स्टन शेवटी मोडतो तो उंदरांच्या भीतीनं ओरडतो म्हणून नाही. हे माझ्याऐवजी ज्यूलियाला करा, असं तो आपल्याच प्रेयसीबद्दल म्हणतो म्हणून. त्यानंतर दोघं भेटतात तेव्हा बोलण्यासारखं काही उरत नाही. छळाचा प्रसंग लिहायचा असेल तर त्यानंतरची ही भेट आधी लिहा. पुष्कळदा असं होतं की भेट लिहून झाल्यावर छळाच्या चार पानांची गरजच राहत नाही.

घरातलं उदाहरण तेंडुलकरांचं आहे. १९७२ मध्ये पुण्यात रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये अपमानित झालेला माणूस सूड म्हणून पोटच्या मुलीच्या बदल्यात कोतवाली मिळवतो आणि मग शहराला छळतो. काम संपल्यावर नाना फडणवीस त्याला गर्दीच्या हवाली करतो. खचलेला माणूस सज्जनच राहतो, हा भाबडा समज या नाटकात टिकत नाही. सत्ता त्याला मोडते, मोडलेल्या तुकड्याचं हत्यार करते आणि हत्यार बोथट झालं की फेकते. रझाकारांत भरती झालेल्या गावातल्या पोराबद्दल लिहायचं असेल, तर घाशीरामची ही तीन वळणं समोर ठेवा. त्याला आधी कुणी आणि कशावरून हिणवलं होतं?

मधला माणूस

सगळ्यांत अवघड पात्र हे. पटवारी, मापाडी, शाळामास्तर, सरकारी कारकून. बी. रघुनाथांसारखा परभणीचा मोठा लेखक निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी करत लिहीत राहिला. पगार त्या राज्याचा आणि डोळा स्वतःचा, हे हजारोंचं वास्तव होतं. लेवीनं १९८६ च्या पुस्तकात छळणारे आणि छळले गेलेले यांच्या मधल्या करड्या पट्ट्याबद्दल फार बारकाईनं लिहिलं आहे. त्यातली एक शिस्त पाळा. मधल्या माणसाचा न्याय करू नका, पण तो आणि हुकूम देणारा एका मापानंही मोजू नका. व्यवहारात हे असं जमतं: मधल्या माणसानं घेतलेला प्रत्येक निर्णय लिहा, त्याच्यापुढं दुसरा कोणता पर्याय होता तोही लिहा आणि त्या पर्यायाची किंमतही. त्याच्या मनातल्या पश्चात्तापावर परिच्छेद खर्चू नका. पश्चात्ताप वाचकाला लवकर समाधान देतो आणि कथा तिथंच ढिली पडते.

भाषा, आणि धर्माचा सापळा

‘अमानुष’, ‘नराधम’, ‘पाशवी’, ‘अनन्वित’ हे शब्द खर्ड्यातून शोधून काढा आणि प्रत्येकाच्या जागी एक क्रियापद घाला. अधिकाऱ्याला शांतपणे बोलू द्या. ओरडणारा अमीन भीतीदायक वाटत नाही. ‘या, बसा, पाणी घ्या’ म्हणणारा वाटतो.

मराठी कथांत दुष्ट माणूस उर्दूत बोलतो आणि भला मराठीत. ही सवय मोडा. दखनी बोलणारा कोरडवाहू शेतकरी, पिंजारी, विणकर हेही त्याच लेव्हीखाली आणि त्याच कर्जाखाली होते. हैदराबादेत शोएबुल्ला खान हा ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक संस्थानानं भारतात विलीन व्हावं असं लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याचा खून करण्यात आला. आणि १७ सप्टेंबरनंतर जुलमाची दिशा उलटली. केंद्र सरकारनं पाठवलेली पंडित सुंदरलाल यांची समिती १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात फिरली. सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत तिनं उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड ही नावं घेतली. राज्यात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. बळी पडलेले बहुसंख्य मुसलमान होते. अहवाल पुढं कित्येक वर्षं झाकलेला राहिला. तुमची कथा १७ तारखेच्या झेंड्यावर संपत असेल, तर ती आणखी एक महिना पुढं न्या आणि तेच गाव बघा. मापात दाणे घालणारे बाबा आता कुणाच्या दारात उभे आहेत?

स्त्रियांवरच्या अत्याचाराबद्दल थोडक्यात: प्रसंग दारापर्यंत न्या आणि थांबा. मग दुसऱ्या दिवशी घरात कोण कुणाशी बोलत नाही, आडावर कोण बाजूला सरकतं, ते लिहा. आत शिरलेला कॅमेरा बघ्यांच्या बाजूनं उभा असतो.

आठवणी गोळा करताना

१९४८ साली पंधरा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या पुढं आहे. म्हणून हे काम पुढच्या हिवाळ्यावर ढकलू नका. ‘तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?’ हा प्रश्न कधीही विचारू नका. उत्तर भाषणाचं येतं, तेही शाळेच्या पुस्तकातलं. वस्तू विचारा. घरात तांब्या-पितळेची भांडी किती होती, पळून जाताना कुठं पुरली, परत आल्यावर सगळी मिळाली का? मिळाली नसतील तर कुणी नेली असतील? शेवटच्या प्रश्नाला जी शांतता पसरते ती वहीत वेळेसकट नोंदवा. एका बैठकीत पाऊण तासाहून जास्त बसू नका आणि घरातल्या लेकी-सुनांना बाहेर पाठवू नका. आजोबा चुकतात तिथं त्याच दुरुस्त करतात, आणि बरेचदा खरी गोष्ट त्यांच्याकडेच असते.

ऐकलेलं ताडून बघायला अनंत भालेरावांचं हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामावरचं पुस्तक आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी हाताशी असू द्या. पण हे दोघं चळवळीच्या आतून लिहितात, हे ध्यानात ठेवा. लेव्ही देऊन गप्प बसलेल्या माणसाचं त्यात फार येत नाही. नेमकी तीच तुमची जागा आहे.

जुलमी सत्ता म्हणजे निजामच, असंही धरून बसू नका. बीड-धाराशिवची ऊसतोड टोळी घ्या. उचल नवऱ्याच्या हातात पडते, नवरा-बायको मिळून मुकादमाच्या वहीत एक कोयता, आणि खाडा पडला की दंड. पाळीमुळं खाडा पडू नये म्हणून गर्भाशय काढून टाकलेल्या बीडच्या बायकांची प्रकरणं २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेली. उतरंड, थर, टोपी, वेचणं, सगळं इथंही जसंच्या तसं लागू पडतं. फक्त इथं मुकादम स्वतःही कालचा तोडकरी असतो, तेव्हा मधल्या माणसाचं प्रकरण आधी वाचा.

छापायला देण्याआधी नावं बदला. नुसती नावं बदलून भागत नाही. गाव, जात आणि धंदा हे तिन्ही जसेच्या तसे राहिले तर त्या पंचक्रोशीत माणूस लगेच ओळखू येतो. तिन्हींतली किमान दोन बदला, आणि ज्यानं आठवण सांगितली त्याला छापण्याआधी खर्डा वाचून दाखवा. तो ‘हे राहू द्या’ म्हणाला, तर ते वाक्य काढा. ‘असं नव्हतं’ म्हणाला, तर पुन्हा बसा आणि कसं होतं ते विचारा.